'कळवले आहे' : कोणी, कोणाला, आणि पोचलं का?

मधलंपान
मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. खालच्या किश्श्यातले ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले एक आजोबा शुक्रवारी संध्याकाळी घरी गेले. उजवी बाजू अजून कमजोर होती, पण एकूण सुधारणा चांगली. औषधं लिहून झाली, फिजिओने वॉकर सांगितला. स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी करून लिहिलं की साधं पाणी अजिबात नको, पावडर घालून दाट केलेलंच द्या, ताठ बसवून, चमच्याने. घरची दोघं नोकरीवाली, म्हणून मी एका संस्थेला फोन करून सोमवारपासून केअरटेकरची सोय लावली. काम चोख झालं असं वाटून घरी गेले.

दहाव्या दिवशी आजोबा परत आले. ताप, छातीत घरघर. पाणी श्वासनलिकेत उतरून झालेला न्यूमोनिया.

त्या संध्याकाळी मी फाइल घेऊन बसले. 'कळवले आहे' हे शब्द पाच ठिकाणी सापडले आणि पाचही ठिकाणी खरे होते. थेरपिस्टने नर्सला कळवलं होतं. नर्सने मुलाला सांगितलं, तेव्हा तो बिलाच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता. त्याने बायकोला फोनवर सांगितलं, 'पाणी जपून द्यायचं.' मी संस्थेला सांगितलं होतं की पेशंट पक्षाघाताचा आहे, धरून उठवता येईल असं माणूस पाठवा. गिळण्याबद्दल मी बोललेच नाही, ते माझं खातं नाही असं मी धरून चालले होते. संस्थेत फोन घेणारी वेगळी, माणूस पाठवणारा वेगळा. केअरटेकर म्हणून गेलेल्या मुलीला शेवटी मिळालं काय, तर पत्ता, वेळ आणि 'पॅरालिसिस पेशंट' एवढे दोन शब्द. आजोबांनी खुणेने पाणी मागितलं, तिने ग्लास तोंडाला लावला. पावडरचा डबा कपाटावर होता. सील तसंच.

आता यात चुकलं कोण? नावाला एक माणूस सापडत नाही, म्हणून चौकशीही होत नाही आणि पुढच्या शुक्रवारी तेच घडतं.

याहून फार भयंकर रूप ब्रिटनमधल्या व्हिक्टोरिया क्लिंबीच्या प्रकरणात दिसतं. आठ वर्षांची मुलगी, सांभाळणाऱ्यांच्याच छळाने फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये गेली. चार भागांची समाजसेवा खाती, पोलिसांची बालसंरक्षण पथकं, दोन हॉस्पिटलं, एक बालकल्याण संस्था, सगळ्यांच्या कागदांवर तिचं नाव होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालात (२००३) तिला वाचवता आलं असतं अशा किमान १२ संधी मोजल्या आहेत. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. पहिल्या हॉस्पिटलात एका डॉक्टरला जखमा संशयास्पद वाटल्या होत्या, पण वरिष्ठांनी खरूज असं निदान केलं. पुढच्या खात्यांपर्यंत खरूज पोचली, संशय पोचला नाही. पुढे खरूज लागेल या भीतीने घरी जाऊन पाहायचंही टाळलं गेलं.

समन्वय म्हटलं की आमच्या क्षेत्रात मीटिंग बोलावतात, नाहीतर कार्यशाळा. माझं म्हणणं त्यापेक्षा लहान आहे. 'मी सांगितलं' याची नोंद प्रत्येकाकडे असते. 'समोरच्याला काय समजलं' याला कुठल्याच कागदावर रकाना नाही. तो कसा आणायचा? डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट, संस्थावाले, घरी कोणाचं तरी करणारे, सगळ्यांनी लिहा. माझ्यावर टीका असली तरी चालेल.

वाचनमात्र
एरवी फक्त वाचतो. सील न फोडलेला डबा डोळ्यांसमोरून जात नाहीये.

रात्रपाळी
ताई, मी नर्स आहे, एकोणीस वर्षं वॉर्डात. 'मुलगा बिलाच्या रांगेत' हे वाचून मान खाली गेली. आम्ही असंच सांगतो. सही घेतो आणि दुसऱ्या बेडकडे पळतो.

एक गंमत बघा. आमची आपापसातली ड्यूटी बदलताना कोणी बिलाच्या रांगेत हँडओव्हर घेत नाही. बेडपाशी उभं राहून, सलाईन बघून, ड्रेन बघून, येणारी सिस्टर उलट विचारते. म्हणजे आम्हाला येतं. हॉस्पिटलच्या दाराबाहेर जाणाऱ्या माणसासाठी मात्र आम्ही ते करत नाही.

रात्री डॉक्टरला फोन करताना आम्हाला एसबार शिकवलंय. मूळ अमेरिकन नौदलातलं, पाणबुड्यांवरचं, कायझर परमनंट या आरोग्यसंस्थेने ते दवाखान्यात आणलं. आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने बोलायचं. यातली तिसरी पायरी आमच्यासाठी मोठी होती. पूर्वी आम्ही आकडे वाचून दाखवायचो आणि गप्प बसायचो. 'सर, बीपी नव्वद-साठ आहे.' मग शांतता. आता म्हणते, 'सर, मला वाटतंय आतून रक्तस्राव होतोय, तुम्ही येऊन बघा.' 'मला वाटतंय' हे शब्द नर्सने उच्चारायची सोय झाली. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला बोलू.

जुना_स्टेथो
धागा चांगला आहे, पण थोडं विरोधी सूर लावतो. मी फिजिशियन आहे.

एक, वेळ. सकाळच्या राउंडला चाळीस पेशंट. प्रत्येकाच्या थेरपिस्ट, सोशल वर्कर, संस्था आणि जावयाशी बोलायचं म्हटलं तर तपासायचं कधी?

दोन, जबाबदारी. टीमवर्क टीमवर्क म्हणता म्हणता 'सगळ्यांची जबाबदारी' होते आणि तिचा अर्थ कोणाचीच नाही असा होतो. कोर्टात उभं मलाच राहायचं असतं.

तीन, असे रकाने, फॉर्म, चेकलिस्ट यांच्यावर माझा विश्वास मर्यादित आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट घ्या. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांचे आकडे आले, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. जगभर टाळ्या. मग कॅनडात ओंटारिओ प्रांताने ती सरसकट लागू केली आणि २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचा हिशोब आला तेव्हा फरक जवळजवळ शून्य. कागद तोच. टिकमार्क करणारा हात बदलला की परिणाम बदलतो.

रात्रपाळी
डॉक्टर, तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण सहमत. 'पेशंटची ओळख पटवली' वर पेशंट आत यायच्या आधी टिक झालेली मी स्वतः पाहिली आहे.

पण पहिल्या मुद्द्याला नाही. निवासी डॉक्टरांच्या हँडओव्हरसाठी आय-पास नावाची पद्धत नऊ हॉस्पिटलांत बसवून पाहिली होती, २०१४ मध्येच निकाल आला. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि हँडओव्हरला लागणारा वेळ काही लक्षणीय वाढला नाही. त्यातली शेवटची पायरी काय, तर ऐकणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. ताई ज्या रकान्याबद्दल म्हणताहेत तोच की हा.

लेक_धाकटी
मी या क्षेत्रातली नाही. आईचं करते, चौथं वर्ष. पार्किन्सन्स, शिवाय हृदयाचं, शिवाय मधुमेह.

तुमच्यासाठी ते 'समन्वय' असेल, माझ्यासाठी मी स्वतःच समन्वय आहे. न्यूरोवाल्यांना हृदयवाल्यांनी काय बदललं ते मी सांगते. फिजिओला विचारते की चक्कर येतेय तर व्यायाम थांबवू का, तो म्हणतो डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात फिजिओ बघेल. आईची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची वेळ वर्षातून इतक्यांदा येते की आता मी ती न रडता सांगते. त्याचंच वाईट वाटतं कधीकधी.

एक किस्सा सांगते, हसा. एकदा कार्डावर लिहून दिलं होतं 'ओटीला दाखवणे'. मी आईला व्हीलचेअरवर घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारात पाऊण तास उभी. आतून मास्क लावलेला एकजण येऊन म्हणाला, 'कसलं ऑपरेशन?' आई घाबरून माझा हात सोडेना. लिहिणाऱ्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणायचं होतं. तिची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे.

शेवटी मी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर आईचं त्या दिवसाचं: कधी उठली, पाय कधी अडकला, गोळीचा असर किती वाजता उतरला. उजवं पान येणाऱ्या कोणाहीसाठी. डॉक्टर असो, फिजिओ असो की दिवसाची ताई, काही बदललं तर तिथे लिहायचं आणि खाली नाव. पहिल्या महिन्यात उजवी पानं कोरी होती. पहिलं वाक्य दिवसाच्या ताईंनी लिहिलं, मोडक्या अक्षरात: 'चार वाजता आजी पुतळा होते. गोळी पाचला आहे.' न्यूरोवाल्यांनी ते वाक्य वाचलं, डाव्या पानावरच्या वेळा पाहिल्या आणि गोळीची वेळ अलीकडे घेतली. त्याआधी तीन भेटींत मी 'हल्ली दुपारी जरा कमी चालते' असं सांगत होते.

जुना_स्टेथो
@लेक_धाकटी, 'चार वाजता पुतळा होते' हे निरीक्षण एखाद्या निवासी डॉक्टरनेही इतकं नेमकं लिहिलं नसतं. पार्किन्सन्समध्ये डोसचा असर पुढच्या डोसआधी संपतो, ते दाखवायला वेळांची नोंदच लागते. अशी वही माझ्या टेबलावर आली तर मी ती वाचेन. (माझ्या चाळीस पेशंटांपैकी दोघांकडे असते.)

ओटीबद्दल समस्त डॉक्टरवर्गाच्या वतीने माफी.

चिकित्सक_बोका
माझा अनुभव धोरणाच्या बाजूचा आहे, म्हणजे फायलींचा. दर काही वर्षांनी कोणीतरी म्हणतं की आरोग्य आणि समाजसेवा ही खाती एकत्रच करून टाका, प्रश्न मिटला. वॉल्टर ल्यूट्झ नावाच्या अभ्यासकाने १९९९ मध्ये यावर काही 'नियम' मांडले होते. त्यातले दोन मला कायम उपयोगी पडलेत. सगळ्या सेवा सगळ्यांसाठी एकत्र गुंफता येत नाहीत. थोड्यांसाठी सगळ्या किंवा सगळ्यांसाठी थोड्या, इतकंच जमतं. आणि तुम्ही तुमच्या सोयीने जोडलेलं असतं, ते माझ्या बाजूने तुटलेलं असू शकतं. हृदयविभागाने आपलं सगळं एका छताखाली आणलं की घरच्या डॉक्टरला तिथे शिरायचं दारच सापडत नाही.

जिथे बरं जमलं तिथे सुरुवात तक्त्यातून झालेली नाही. इंग्लंडात टोर्बे इथे एकत्र संस्था उभारताना त्यांनी मिसेस स्मिथ नावाची ऐंशीच्या घरातली एक काल्पनिक बाई डोळ्यांसमोर ठेवली. कुठलाही बदल सुचला की प्रश्न एकच, याने मिसेस स्मिथना काय फरक पडेल? आणि प्रत्येक टीममध्ये एक समन्वयक नेमला, जो डॉक्टरही नव्हता आणि सोशल वर्करही नव्हता. फोन उचलणं, पाठपुरावा करणं, निरोप पोचला का बघणं हेच त्याचं काम.

आणि पैसा. याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची एका खात्याने, पडून खुबा मोडला तर खर्च दुसऱ्याचा. पहिल्या खात्याला ती दांडी महागच वाटणार. जोवर थैल्या वेगळ्या आहेत तोवर सद्भावना किती पुरणार?

मधलंपान
@बोका, दांडीचं उदाहरण माझ्या टेबलावर रोज असतं. खुब्याच्या ऑपरेशनला मंजुरी मिळते, दांडीचा अर्ज फिरत राहतो.

@जुना_स्टेथो, जबाबदारीचा मुद्दा मला मान्य आहे, पण उलट्या दिशेने. 'सगळे मिळून' मलाही नको आहे. मला प्रत्येक निरोपाला घेणाऱ्याचं एक नाव हवंय.

दिवसाचा_माणूस
मी त्या दुसऱ्या टोकाकडून लिहितोय. घरी केअरटेकर पाठवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करतो. (ताईंनी लिहिलीय ती संस्था आमची नाही. पण असूही शकली असती.)

'केअरटेकरला दोनच शब्द मिळाले' हे वाचून लोकांना संस्थेचा राग येईल. आम्ही विचारत नाही असं नाही हो. फोन केला की उत्तर येतं, 'पेशंटची माहिती गोपनीय आहे, नातेवाइकांना विचारा.' आमची बाई बारा तास त्या माणसाला उचलते, पुसते, भरवते. तिच्यापासून गोपनीय काय राहिलंय? गिळण्याचा त्रास आहे की नाही एवढं मात्र गोपनीय. ब्रिटनमध्ये रुग्णमाहितीच्या गुप्ततेसाठी १९९७ साली काल्डिकॉट समितीने सहा तत्त्वं घालून दिली. २०१३ मध्ये त्यांनाच सातवं जोडावं लागलं, की माहिती योग्य माणसाला देणं हे ती जपण्याइतकंच महत्त्वाचं कर्तव्य असू शकतं. नियमाच्या आड लपणं किती सोपं असतं ते त्यांना सोळा वर्षांत कळलं असणार.

दुसरं, मानाचं. बोलायला अवघड आहे पण बोलतो. बारा तास बघणाऱ्या बाईला राउंडच्या वेळी 'जरा बाहेर थांबा' म्हणतात. रात्री किती वेळा ठसका लागला, ते खोलीत फक्त तिलाच माहीत असतं. ती बाहेर बाकड्यावर.

रात्रपाळी
हे वाचून गप्प झाले. 'जरा बाहेर थांबा' मी म्हणते. रोज.

वाचनमात्र
पुन्हा एकदा आलो. अवांतर असेल तर सोडून द्या. सिसली साँडर्स आधी नर्स होत्या, पाठदुखीमुळे ते सोडून हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या, मग १९५७ मध्ये डॉक्टर. १९६७ ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत सांभाळणारं ठिकाण. शरीराचं, मनाचं, घरचं आणि श्रद्धेचं दुखणं एकत्रच बघायला हवं, ही त्यांची मांडणी. मला वाटतं तीन खुर्च्यांवर बसून झाल्यामुळेच ते दिसलं असेल. बाकीच्यांना एकेकच खुर्ची मिळते.

जुना_स्टेथो
अवांतर अजिबात नाही.

लेक_धाकटी
@मधलंपान ताई, तुमच्याकडे पुढे काही बदललं का? आणि आजोबा?

मधलंपान
थोडं बदललं, थोडं बिनसलं.

डिस्चार्ज कार्डाच्या शेवटी आम्ही दोन ओळी वाढवल्या. 'घरी प्रत्यक्ष कोण करणार (नाव, फोन)' आणि 'त्यांनी परत काय सांगितलं'. दुसऱ्या ओळीत त्यांचेच शब्द लिहायचे, आपले नाहीत. पहिले तीन आठवडे छान चाललं. चौथ्या आठवड्यात मी कार्डं चाळली तर सलग अकरा कार्डांवर एकाच अक्षरात 'सर्व समजले' लिहिलेलं. डॉक्टर, तुमचं ओंटारिओ माझ्याच वॉर्डात निघालं. मी चिडले नाही असं म्हणणार नाही. मग कळलं की ती सगळी कार्डं संध्याकाळी सहानंतरची होती, एक सिस्टर आणि बावीस बेड. आता गिळण्याचा त्रास, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी आणि नवी नळी, या चारच प्रकारच्या पेशंटांसाठी ती ओळ भरतो. आणि अशा पेशंटला शुक्रवारी दुपारनंतर सोडत नाही. हे दुसरं मान्य करून घ्यायला पहिल्यापेक्षा जास्त भांडावं लागलं.

आजोबा दोन आठवड्यांनी परत घरी गेले. या वेळी जायच्या आधी मी त्या केअरटेकर मुलीलाच वॉर्डात बोलावलं. यायला बिचकत होती, तिला वाटलं रागवायला बोलावलंय. थेरपिस्टने तिच्या हातात चमचा दिला, पावडर दिली, तिने तीनदा करून दाखवलं. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. शेवटी 'काही विचारायचंय?' म्हटल्यावर तिने खाली बघत विचारलं, 'मग गोळ्या कशाने गिळवायच्या? रात्रीच्या चार आहेत, त्यावर पाणी लागतंच ना.'

खोलीत मी, थेरपिस्ट, सिस्टर आणि निवासी डॉक्टर होतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणाच्याच कागदावर गोळ्यांचं काही नव्हतं.

जुना_स्टेथो
चारात लांब असराची किंवा वरून कोटिंग असलेली होती का? ती कुटून देऊ नये.

मधलंपान
एक होती. फार्मासिस्टला वर बोलावलं, तोवर त्याला या पेशंटबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. दोन गोळ्यांच्या जागी दाट करून देता येईल असं पातळ औषध मिळालं, कोटिंगवालीला पर्याय दिला, चौथी कुटून दाट पाण्यात. कार्डाच्या त्या ओळीत मी मुलीचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवलाय.

दिवसाचा_माणूस
तिचं नावही लिहिलंत ना?

मधलंपान
हो. फोन नंबरासकट.